समासातली पेन्सिल

आजोबांकडे एक पेन्सिल होती, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी. मास्तर निवृत्त झाले तरी ती निवृत्त झाली नाही. सकाळी दूधवाला येऊन गेला की अहमदनगरच्या आमच्या घराच्या ओटीवर ते पवित्र शास्त्र घेऊन बसत. पटलं तिथं निळी रेघ, अडलं तिथं लाल. शास्त्रावर लाल रेघ ओढणं आजीला कधीच मानवलं नाही. "देवाच्या पुस्तकाला कसले मार्क देता?" असं ती म्हणे. "मार्क माझ्या समजुतीला आहेत," आजोबा म्हणत.

घर विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मला 'द प्लेन ट्रूथ' या इंग्रजी मासिकाचे पन्नासेक अंक सापडले. साठ ते ऐंशीच्या दशकांत ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी होतं, त्यांतल्या अनेकांना हे मासिक आठवेल. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रं, एकही जाहिरात नाही आणि वर्गणी शून्य. पत्ता कळवला की अंक पोस्टानं घरी येई. किंमत तुमच्या वतीनं आधीच भरलेली आहे, असं त्यात सांगितलेलं असे. ती कुणी भरली, हे आजोबांना कित्येक वर्षं कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी अंक मागवणं थांबवलं नाही, पण वाचताना लाल टोक जास्त झिजू लागलं.

ही गोष्ट त्या अंकांच्या समासात आहे, आणि आजोबांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याआजीच्या आयुष्यातही आहे. घरात मला ती दोन तोंडांनी ऐकायला मिळाली. आजोबा पुस्तकाकडून सांगत आणि आत्याआजी माणसांकडून.

माणसांकडून सुरू करते.

आत्याआजी पुण्यात रास्ता पेठेत राहायची. यजमान रेल्वेत होते. ते अचानक गेले तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं होती. मिशनच्या मंडळीतले लोक भेटून गेले, प्रार्थना करून गेले. पण दु:खाला रोज संध्याकाळ लागते, आणि रोज संध्याकाळी येणारी माणसं वेगळीच निघाली. एका घराच्या माडीवर पंचवीस-तीस जणांची एक छोटी मंडळी भरत असे. तिचं नाव मी इथं घेणार नाही. ती आता उरलेली नाही, आणि तिच्यातल्या माणसांची नातवंडं आहेत. त्या मंडळीचा एकच पुढारी होता. सगळे त्याला 'बंधू' म्हणत. आवाज गोड, वचनं तोंडपाठ, आणि कुणाच्या घरात काय दुखतंय याची पक्की माहिती.

मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासला गेलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. आत्याआजी सांगायची, त्या आठवड्यानंतर माडीवर बसायला जागा उरली नाही. शहराच्या पापाची झाडाझडती सुरू झाली आहे, पुढचा पूर अग्नीचा असेल, आणि आपण माडीवरचे तेवढे नोहाच्या तारवात आहोत, असं बंधू सांगत. घाबरलेल्या माणसाला 'तू आत आहेस' हे ऐकायला किती बरं वाटतं, ते तिनं कधीच लपवलं नाही. "मला तिथं झोप लागायला लागली रे दादा," असं ती आजोबांना म्हणाली होती. सोडून आलेल्या जागेबद्दलचं हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटतं. बाहेरचे लोक नेहमी विचारतात, शहाणी माणसं अशा ठिकाणी जातातच कशी? झोप लागते म्हणून जातात.

हळूहळू नियम वाढत गेले. नाताळ बंद, कारण ती मूर्तिपूजकांची रीत. आजारात डॉक्टर नको, कारण ती अविश्वासाची खूण. दशांश मिळकतीवर, मग शिवणकामाच्या पैशांवर, मग भावानं पाठवलेल्या मनीऑर्डरवरही. आत्याआजी देत राहिली. पण ती मास्तरांची बहीण होती. घरी गेल्यावर ती वचनाच्या मागचं-पुढचं वाचायची. एका रात्री बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक वाचताना चौदाव्या अध्यायाच्या शेवटाशी ती थांबली. तिथं तिसऱ्या वर्षाच्या दशांशाबद्दल लिहिलं आहे. तो वेशीच्या आत ठेवायचा, आणि लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हायचं.

पुढच्या सभेत तिनं हात वर केला. तिचा प्रश्न साधा होता. मी विधवा आहे, माझी मुलं अनाथ आहेत, तर दशांश माझ्याकडून का जातो? माझ्याकडे यायला नको का? ती भांडायला उभी राहिली नव्हती. आपल्याला काहीतरी समजलेलं नाही, बंधू समजावून सांगतील, असंच तिला वाटत होतं. बंधूंनी पुस्तक मिटलं आणि हव्वेलाही पहिला प्रश्न सर्पानेच सुचवला होता असं म्हणाले. त्या संध्याकाळी जिन्यात तिच्या चपलांशेजारी चपला काढलेल्या बायका तिच्याशी न बोलता खाली उतरल्या. दुसऱ्या आठवड्यात तिच्यासाठी प्रार्थना झाली, ती तिथं बसलेली असताना, पण तिचं नाव न घेता. तिसऱ्या आठवड्यात तिला यायचं नाही म्हणून निरोप आला. पाच वर्षं जिच्याबरोबर तिनं एका ताटात भाकरी खाल्ली होती, ती मैत्रीण क्वार्टर गेटपाशी समोरून आली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

१९६६ च्या पावसाळ्यात आजोबा तिला आणायला पुण्याला गेले.

पुण्याहून नगरला यायचं तर दौंडला गाडी बदलावी लागे, आणि दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. खिडकीतून आजोबांनी बोट दाखवलं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आत्याआजी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आपण देवाला सोडून चाललो आहोत की देवानं आपल्याला सोडलं आहे, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. आजोबांनी तिला रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट मी त्यांच्याकडून नंतर इतक्यांदा ऐकली की गाडीचा आवाजही मला त्यात ऐकू येतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं, अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात झाला. बरोबर छोटी मुलगी मनोरमा होती. परक्या देशात, त्यांच्याच आधारानं राहणाऱ्या तरुण विधवेनं गप्प राहावं अशीच कुणाचीही अपेक्षा असती. रमाबाई गप्प राहिल्या नाहीत. त्रैक्याचं जे सूत्र पुढं केलं जातं ते शास्त्रात नेमकं कुठं आहे, हे त्यांनी विचारलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, हेही विचारलं. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. या शिष्येचा गर्व कसा उतरवावा, या काळजीत त्या पडल्या. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंच्या शंकांना शंका म्हणूनच घेतलं आणि पत्रांतून धीरानं उत्तरं दिली. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ए. बी. शहांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला, तेव्हा आजोबांनी तो विकत आणून पुन्हा निळ्या रेघा मारल्या. जन्मभर एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवण्यासाठी झगडलेली बाई दुसऱ्या पुरोहितशाहीखाली मान द्यायला तयार नव्हती, आणि तरी ख्रिस्ताला तिनं सोडलं नाही. पुढं तिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल स्वत: मराठीत आणलं. १९२२ साली ती गेली, तेव्हा छपाईचं काम संपत आलं होतं.

"प्रश्न विचारून कुणी देवाच्या बाहेर पडत नाही," असं आजोबा गाडीत म्हणाले असं आत्याआजी सांगायची. आजोबा म्हणायचे की आपण असं काही म्हटलं नव्हतं, आपण फक्त भजी घेतली होती. दोघांच्या आठवणींतला हा फरक शेवटपर्यंत मिटला नाही.

ती नगरला आली त्याच सुमारास 'द प्लेन ट्रूथ'चे अंक येऊ लागले. एक अंक तिनं सहज चाळला आणि ओटीवर येऊन म्हणाली, "दादा, हा माणूस आमच्या बंधूंसारखा बोलतो."

हा माणूस म्हणजे हर्बर्ट आर्मस्ट्राँग. १८९२ साली अमेरिकेत आयोवा राज्यात जन्मलेला, धंद्यानं जाहिरातीचा मजकूर लिहिणारा. १९२६ साली ओरेगनमध्ये त्याच्या बायकोला एका शेजारणीच्या सांगण्यावरून पटलं की शब्बाथ रविवारी नव्हे, शनिवारी पाळायचा. तिचं चुकतंय हे सिद्ध करायला आर्मस्ट्राँग ग्रंथालयात जाऊन बसला आणि तिचंच बरोबर आहे असं ठरवून बाहेर आला. १९३४ साली त्यानं रेडिओवर प्रवचनं सुरू केली आणि त्याच वर्षी सायक्लोस्टाइल केलेल्या काही पानांचं मासिक काढलं. तेच हे 'द प्लेन ट्रूथ'. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती जगभर जात होत्या. १९४७ साली कॅलिफोर्नियात पॅसाडीना इथं त्यानं अम्बॅसडर कॉलेज काढलं, आणि १९६८ पासून त्याच्या मंडळीचं नाव वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड असं झालं.

त्याच्या सुरुवातीच्या गोष्टीत मला एक ठळक विसंगती दिसते. ज्यानं स्वत: 'मला पटवून द्या' म्हणत शास्त्र उघडलं, त्यानंच पुढं आपल्या माणसांना ते स्वातंत्र्य ठेवलं नाही. त्याच्या प्रवचनांत ऐकणाऱ्याला सांगितलं जाई की माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या बायबलमध्ये पाहा. लोक खरोखर पाहू लागले, आणि जे दिसलं ते बोलू लागले, तेव्हा त्यांना बाहेरचा रस्ता मिळाला.

त्याची सर्वांत गाजलेली शिकवण आजोबांना सर्वांत जास्त खटकली. उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात म्हातारा याकोब योसेफाच्या दोन मुलांना आशीर्वाद देताना हात तिरपे करतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवतो. आर्मस्ट्राँग सांगे की एफ्राईम म्हणजे ब्रिटन आणि त्याचं साम्राज्य, थोरला मनश्शे म्हणजे अमेरिका. इस्राएलाचे हरवलेले दहा वंश वायव्य युरोपात गेले आणि इंग्रजी बोलू लागले. पुरावा म्हणून शब्द. 'ब्रिटिश' हा हिब्रूतल्या 'करार' आणि 'मनुष्य' या दोन शब्दांचा जोड, 'सॅक्सन' म्हणजे 'इसहाकाचे पुत्र', आणि जिथं नावात 'दान' किंवा 'डेन' ऐकू येतं तिथून दानाचा वंश गेलेला. ही कल्पना त्याची स्वत:चीही नव्हती, एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंड-अमेरिकेत फिरत होती.

आजोबांनी चाळीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं होतं. या लेखाच्या समासात त्यांनी लाल टोकानं लिहिलं आहे: 'हार म्हणजे माळ. हार म्हणजे पराजय. ध्वनी एक, मूळ निराळं.' खाली आणखी एक ओळ आहे: 'आम्ही दीडशे वर्षं ज्यांची रयत होतो त्यांना देवानं वचन दिलं होतं, असं हे म्हणतात. मग आमच्यासाठी कोणतं वचन?' ही ओळ वाचून मी पेटीजवळ बराच वेळ बसून राहिले. मुंबईच्या पोस्ट बॉक्सचा पत्ता छापून जे मासिक हिंदुस्थानी घरांत येत होतं, त्याच्या मुळाशी राज्यकर्त्यांचं राज्य दैवी ठरवणारा विचार होता. फुकट म्हणून घरी येणाऱ्या कागदाची अशीही किंमत असते.

आत्याआजीचं उत्तर वेगळं होतं. रास्ता पेठेत तिची शेजारीण बेने इस्राएल होती. शुक्रवारी दिवे लावून शनिवारी चूल बंद ठेवणारी. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी तेवढी वाचली, अशी त्यांची कथा. कोकणात तेलाचा घाणा चालवताना शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. "त्यांनी कुणाच्या सिंहासनावर हक्क सांगितला नाही," आत्याआजी म्हणायची. "घाणा बंद ठेवला, तेवढंच. आणि तेवढ्यानं कोण कुठले ते टिकले."

मग साल आलं.

पेटीत अंकांबरोबर एक पुस्तिकाही होती, आजोबांनी आधी केव्हातरी मागवलेली. भविष्यवाणीतलं १९७५ हा तिचा विषय. १९५६ साली निघालेली. आत बेसिल वुल्व्हर्टन या व्यंगचित्रकाराची चित्रं: खंगलेले चेहरे, कोसळणारी शहरं, प्रेतांचे ढीग. मंडळीत हिशेब मांडला गेला होता. युरोपातलं रेडिओ प्रसारण जानेवारी १९५३ ला सुरू झालं, एकोणीस वर्षांचं एक आवर्तन जानेवारी १९७२ ला पूर्ण होतं, तेव्हा निवडलेल्यांना सुरक्षित स्थळी, बहुधा जॉर्डनमधल्या पेट्राच्या खडकांत नेलं जाईल, उरलेल्या जगावर साडेतीन वर्षं हाहाकार, आणि मग ख्रिस्ताचं येणं. अमेरिकेत अनेक कुटुंबांनी मुलांचं कॉलेज, घराची दुरुस्ती, म्हातारपणाची पुंजी हे सगळं या हिशेबावर सोडून दिलं. मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला, दुसरा दहावा सणांसाठी बाजूला, आणि सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या व सहाव्या वर्षी आणखी एक दहावा, विधवा-अनाथांच्या नावानं. हाच तो तिसऱ्या वर्षाचा दशांश, ज्याच्याबद्दल आत्याआजीनं माडीवर हात वर केला होता. तो खरोखर विधवांपर्यंत जातो का, हा प्रश्न तिकडच्या माणसांनीही नंतर विचारला.

जानेवारी १९७२ आला आणि गेला. पेट्राला कुणी गेलं नाही.

आमच्याकडे १९७२ म्हणजे दुष्काळ. नगर जिल्ह्यात विहिरी तळाला गेल्या, जनावरं मातीमोल विकली गेली, बायाबापड्या खडी फोडायला उन्हात बसल्या, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नव्हत्या. मी लहान होते, पण सुकडीचा वास मला अजून आठवतो. आजोबा त्या वर्षी रोज संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरच्या मुलांना घरी बोलावून शिकवत, कारण आजी त्या निमित्तानं त्यांना खायला घालू शके. एका रात्री त्यांनी ती पुस्तिका काढून पाहिली. भुकेची ती चित्रं आता चित्रं राहिली नव्हती, फाटकाबाहेर होती. आत्याआजी म्हणाली, "दादा, भूक बघून याला आनंद कसा होतो? आपलं खरं ठरलं म्हणून?" पुस्तिकेच्या मलपृष्ठावर आजोबांनी अनुवाद, अध्याय अठरा, असा फक्त संदर्भ लिहिला आहे. त्या अध्यायाच्या शेवटी संदेष्ट्याची कसोटी दिली आहे. तो परमेश्वराच्या नावानं बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हतं, आणि त्याला भिऊ नये.

भिऊ नये, हे शब्द अमेरिकेतल्या काही माणसांनीही त्याच वर्षांत वाचले असणार. १९७४ साली तिथं डझनावारी पाळक आणि काही हजार सभासद बाहेर पडले. त्यांचे प्रश्न बाहेरच्याला किरकोळ वाटतील. पन्नासाव्या दिवसाचा सण सोमवारी धरायचा की रविवारी? लेवीय तेवीसमध्ये शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून पन्नास दिवस मोजायला सांगितलं आहे. मोजलं तर रविवार येतो. मंडळी वर्षानुवर्षं सोमवार पाळत होती, आणि आतल्या आत ही कुजबुज जुनी होती. १९७४ ला मुख्यालयानं रविवार मान्य केला. त्याच वर्षी दुसरा एक नियमही बदलला. त्या आधी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना मंडळीत यायचं तर त्या जोडीदारापासून वेगळं व्हावं लागे. सुखानं नांदणारे संसार मोडले गेले होते, लेकरं वाटली गेली होती. आता तो नियम शास्त्रात नव्हता असं कळलं.

दिवस मोजण्यातली चूक सुधारता येते. मोडलेल्या घराचं काय? सभासदांच्या प्रश्नाला इथंच धार आली. ते म्हणू लागले, तुमचं चुकलं याचा राग नाही. पण चूक दाखवणाऱ्याला तुम्ही देवद्रोही म्हणालात, आणि मग तीच दुरुस्ती आपली म्हणून सांगितलीत.

१९७६ साली अम्बॅसडर कॉलेजच्या काही माजी विद्यार्थ्यांनी पॅसाडीनातच एक नियतकालिक काढलं, पुढं ते 'अम्बॅसडर रिपोर्ट' म्हणून ओळखलं गेलं. त्यांच्यापैकी जॉन ट्रेचॅकनं ते १९९९ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पैशाचा खर्च, नेत्यांची वागणूक, चुकलेली भाकितं, सगळं त्यात येई. १९७७ साली त्यात बॉबी फिशरची मुलाखत आली. १९७२ साली रेक्याविकमध्ये स्पास्कीला हरवून बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला हाच तो फिशर. तो वर्षानुवर्षं या मंडळीच्या छायेत होता, बक्षिसातला मोठा वाटा त्यानं तिला दिला होता, आणि भाकितं फसल्यावर तो फसवलं गेल्याच्या भावनेनं दूर झाला. चौसष्ट घरांतली प्रत्येक चाल पुढून-मागून तपासणारा माणूस. त्यालाही झोप लागायला जागा हवी होती, असं आत्याआजी म्हणाली असती.

१९७८ साली आर्मस्ट्राँगनं स्वत:च्या मुलाला, दूरदर्शनवरचा मंडळीचा चेहरा असलेल्या गार्नर टेडला, हाकलून दिलं. ३ जानेवारी १९७९ रोजी कॅलिफोर्निया सरकारनं, सहा माजी सभासदांच्या तक्रारीवरून, मंडळीचा कारभार न्यायालयाच्या रिसीव्हरच्या हाती दिला. आरोप पैशांच्या अफरातफरीचा होता. सभासद पॅसाडीनाच्या इमारतींत ठाण मांडून बसले. आर्मस्ट्राँगची शिकवण न मानणाऱ्या इतर पंथांनीही सरकारच्या या पावलाला विरोध केला. पुढं कायदाच बदलला आणि १९८० मध्ये खटला संपला. आजोबांचं मत याबाबत ठाम होतं, आणि माझंही तेच आहे. श्रद्धेचा हिशेब सरकारी कारकुनानं मागू नये. पण ज्यांनी पैसे दिले त्यांना तो मागायला आत जागाच ठेवली नाही, तर ते सरकारच्याच दारात जाणार. त्यांना बंडखोर म्हणून दोष कसा द्यायचा?

१६ जानेवारी १९८६ ला वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी आर्मस्ट्राँग गेला. त्यानंतर जे झालं तसं पंथांच्या इतिहासात क्वचित झालं असेल. त्याच्या मागून आलेल्या जोसेफ टकाचनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुनी पुस्तकं पुन्हा तपासायला घेतली. बाहेर पडलेले जे विचारत होते तेच प्रश्न आता मुख्यालयात विचारले जाऊ लागले. इंग्रजांना इस्राएल ठरवणारी शिकवण गेली. आर्मस्ट्राँगचं शेवटचं मोठं पुस्तक छापणं थांबलं. डिसेंबर १९९४ मध्ये टकाचनं जाहीर केलं की शनिवार आणि दशांश यांची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही.

निम्म्याहून जास्त माणसं निघून गेली. या वेळी जाणारे म्हणत होते की पुढाऱ्यांनी सत्य सोडलं. त्यांनी वेगवेगळ्या मंडळ्या काढल्या, आणि त्यांतल्या एकीनं कोर्टकचेऱ्यांनंतर २००३ साली आर्मस्ट्राँगच्या लिखाणाचे हक्क विकत घेतले. मला या लोकांबद्दल तुच्छता वाटत नाही. ज्यांनी शनिवारसाठी नोकऱ्या घालवल्या, ज्यांच्या आईबापांनी औषधावाचून जीव सोडला, त्यांना एका सकाळी सांगितलं गेलं की याची गरज नव्हती. हे ऐकून घेण्यापेक्षा जुनंच खरं होतं म्हणणं कितीतरी सोपं. टकाच १९९५ मध्ये वारला. १९९६ साली त्याच्या मुलानं 'द प्लेन ट्रूथ'मध्येच लेख लिहून जाहीर क्षमा मागितली: चुकीच्या शिकवणीबद्दल, गर्वाबद्दल, मोडलेल्या घरांबद्दल. २००९ मध्ये मंडळीनं नावही बदललं.

तो अंक आजोबांनी पाहिला नाही. त्याच्या आधीच ते गेले होते. आत्याआजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. मला ही हकिगत पुढं कळली आणि मी तिला सांगितली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "ज्यांना आधी काढलं होतं, त्यांच्या घरी जाऊन मागितली का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या घरी कुणी आलं नव्हतं. बंधू सत्तरच्या दशकात वारले. माडीवरची मंडळी पांगली. पण पेटीच्या तळाशी, शेवटच्या अंकाखाली, मला एक पोस्टकार्ड मिळालं. पुण्याचा शिक्का, साल पुसट. अक्षर बायकी, थरथरतं. क्वार्टर गेटपाशी रस्ता ओलांडून गेलेल्या मैत्रिणीचं. तिचे यजमान वारले होते. क्षमा वगैरे काही तिनं लिहिलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, त्या दिवशी तू उभी राहून वाचलेलं वचन कोणतं? अनुवादातलं होतं एवढं आठवतं, अध्याय सापडत नाही.

कार्डाला टाचणीनं एक चिठोरा लावला आहे, उत्तराचा कच्चा मसुदा. आत्याआजीचं अक्षर, पण आजोबांची पेन्सिल, निळं टोक:

'चौदावा अध्याय, अठ्ठाविसावं आणि एकोणतिसावं. थांबू नकोस, पंधरावाही वाच. मुलांना सुट्टी लागली की इकडे ये. दौंडला गाडी बदलावी लागते. केव्हा येतेस ते कळव, दादा स्टेशनवर येईल.'